अंगणातली सळई आणि हाताची मूठ : खानदेशातून आकाशाच्या चाली मोजायच्या कशा

आकाश पाहताना गोंधळ उडतो, कारण तिथे तीन-चार चाली एकमेकींत गुंतलेल्या असतात. पृथ्वीची स्वतःभोवतीची गिरकी, तिची सूर्याभोवतीची वर्षाची फेरी, तिचा साडेतेवीस अंशांचा कल आणि चंद्राची महिन्याची धाव. त्या सुट्या करण्याची युक्ती एकच आहे. एक चाल पाहायची तर बाकीच्या थांबवायच्या. खऱ्या थांबत नाहीत, पण पाहण्याची वेळ नीट निवडली की त्या हिशेबातून निघून जातात. सलग तासभर पाहिलं तर गिरकी दिसते. रोज ठरलेल्या घड्याळी वेळेला पाहिलं तर गिरकी बाद होऊन वर्षाची चाल दिसते. रोज ठीक मध्यान्हाला सावली मोजली तर कल दिसतो. खालचे सगळे प्रयोग याच बेताने लावले आहेत.

जागेच्या बाबतीत खानदेश नशीबवान आहे. तापीचं खोरं पूर्व-पश्चिम पसरलेलं, उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग. त्यामुळे डोंगर आडवे येतात ते उत्तर-दक्षिणेला. उगवती आणि मावळती मोकळी राहते, आणि आपल्याला हवी असते तीच. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. एप्रिल-मेमध्ये आकाश निरभ्र असलं तरी धुळीमुळे क्षितिजालगतचे तारे हाताच्या बोटभर उंचीपर्यंत गिळले जातात. जून ते सप्टेंबर वही कपाटात.

सळई रोवणे

लागेल ते एवढंच : बारा मिलिमीटरची सरळ सळई, ओळंबा, मेजटेप, सुतळी, खडू आणि पुठ्ठ्याचा हाताएवढा तुकडा. जुन्या ज्योतिषात उभ्या काठीला शंकू म्हणतात, आपणही तेच म्हणू.

१. जागा सपाट हवी. खळं, सारवलेलं अंगण किंवा गच्ची चालेल, पण गच्चीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो, हे विसरू नका. पाणी भरलेली गवंड्याची लेव्हल-नळी लावून पाहा. मीटरभर अंतरात सेंटिमीटरचा उतार निघाला तर खाली लाकडी फळी टाकून पाचरी मारा.

२. सळई अशी रोवा की जमिनीपासून टोक बरोबर १०० सेंटिमीटर राहील. दोन बाजूंनी, काटकोनात, ओळंबा धरून ती सरळ करा. इथेच सर्वांत जास्त चुका होतात. सळई एक अंश कलली तर सावलीचं टोक पावणेदोन सेंटिमीटर सरकतं आणि पुढचं सगळं गणित बिघडतं.

३. सावलीचं टोक कधीच धारदार नसतं. सूर्य हा ठिपका नसून अर्धा अंश रुंद तबकडी आहे, त्यामुळे मीटरभर उंचीच्या टोकाची सावली सेंटिमीटरभर पुसट होते. म्हणून पुठ्ठ्याला पाच मिलिमीटरचं भोक पाडून तो सळईच्या टोकाशी आडवा बसवा. आता सावलीच्या मधोमध उजेडाचा गोल ठिपका पडेल. खूण त्या ठिपक्याच्या मध्यावर करा. उंची भोकापर्यंत मोजायची आणि भोकाच्या बरोबर खाली, ओळंबा जिथे टेकतो, तो आपला मूळबिंदू.

४. सकाळी साडेनऊच्या सुमारास ठिपक्यावर खूण करा, वेळ लिहा. मूळबिंदूपासून त्या खुणेपर्यंत सुतळी ताणून तेवढ्याच त्रिज्येचं वर्तुळ काढा. मार्चमध्ये ही त्रिज्या सव्वा मीटरच्या आत राहते. डिसेंबरमध्ये मात्र ती दोन मीटरच्या जवळ जाते, तेव्हा अंगण लहान असेल तर शंकू ५० सेंटिमीटरचा घ्या.

५. ठिपका वर्तुळाच्या आत शिरेल, मध्यान्हापर्यंत जवळ येत राहील आणि दुपारी पुन्हा वर्तुळावर येईल. त्या क्षणी दुसरी खूण आणि वेळ. यासाठी तीन वाजल्यापासून राखण बसावं लागतं. एक ढग आला की दिवस वाया जातो, म्हणून सकाळी पंधरा-पंधरा मिनिटांनी तीन खुणा करून तीन वर्तुळं आखून ठेवावीत.

६. दोन्ही खुणा जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम. तिच्या मध्यातून मूळबिंदूकडे काढलेली रेघ उत्तर-दक्षिण. ही रेघ पक्क्या रंगाने काढून ठेवा, पुढे वर्षभर लागणार आहे.

होकायंत्र वापरून हे काम दोन मिनिटांत होईल असं वाटतं. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, त्यामुळे मोकळ्या शेतात ते चालेलही. पण गच्चीच्या स्लॅबमध्ये सळयांची जाळी असते आणि तिच्यावर ठेवलेलं होकायंत्र, मोबाइलमधलंसुद्धा, पाच-दहा अंश सहज चुकतं. सावली चुकत नाही.

मध्यान्ह बाराला होत नाही

सकाळच्या आणि दुपारच्या वेळांची बेरीज करून निम्मी करा, म्हणजे खरं मध्यान्ह मिळेल. २१ मार्चला जळगावात सकाळची खूण ९ वाजून ३८ मिनिटांची असेल तर दुपारची ३ वाजून ३२ मिनिटांच्या आसपास येईल. मध्य १२ वाजून ३५ मिनिटं.

पस्तीस मिनिटं कुठून आली? आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाचं आहे. जळगाव साडेपंच्याहत्तर अंशांवर. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणजे सूर्य आपल्याकडे सुमारे २८ मिनिटं उशिरा येतो. धुळ्याला हा उशीर ३१ मिनिटांचा, नंदुरबारला ३३ मिनिटांचा. उरलेली सात मिनिटं मार्च महिन्याची. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळ असल्याने तिचा वेग वर्षभर सारखा नसतो, त्यात आस कललेला, त्यामुळे सावलीचं घड्याळ कधी पुढे तर कधी मागे पडतं. जळगावचं मध्यान्ह फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात १२ वाजून ४२ मिनिटांपर्यंत लांबतं आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून ११ मिनिटांपर्यंत अलीकडे येतं. याच कारणाने सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा असला तरी सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आणि सर्वांत उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्यात.

भिंतीवरच्या कॅलेंडरमधली उदयास्ताची वेळ बहुधा मुंबईची असते. जळगावसाठी त्यातून दहा-अकरा मिनिटं वजा करा, धुळ्यासाठी साडेसात, नंदुरबारसाठी पाच. आपण मुंबईपेक्षा दोन अंश उत्तरेला असल्याने जळगावात जूनमध्ये सूर्योदयाचा फरक चौदा मिनिटांवर जातो आणि सूर्यास्ताचा सातवर येतो. डिसेंबरमध्ये नेमकं उलट.

मध्यान्हाची सावली वर्षभर

आता रोजचं काम पाच मिनिटांचं. ठिपका उत्तर-दक्षिण रेघेवर आला की खूण करायची आणि बाजूला तारीख लिहायची. आठवड्यातून एकदा पुरे. जळगावात १०० सेंटिमीटरच्या शंकूची सावली २२ डिसेंबरला ९८ सेंटिमीटर भरते, म्हणजे काठी आणि सावली जवळजवळ सारखी. २१ मार्चला ती ३८ सेंटिमीटरवर येते. २५-२६ मेला शून्य होते.

मार्चच्या आकड्याला जास्त मान आहे. विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा, मध्यान्हाच्या सावलीला शंकूच्या उंचीने भागलं की गावाच्या अक्षांशाचं स्पर्शकोनफल, म्हणजे टॅन, मिळतं. ०.३८ म्हणजे २१ अंश. पंचांगात गावांपुढे ‘पलभा’ छापलेली असते ती हीच, बारा अंगुळांच्या शंकूची विषुवदिनाची सावली. आपल्याकडे ती साडेचार अंगुळांच्या थोडी वर येते. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणच्या शके ११२८ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढल्याची नोंद आहे. तिथल्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासात शंकू आणि पलभा होतीच.

शून्य सावलीचा दिवस गावागणिक बदलतो. चाळीसगावला २२-२३ मे, धुळे-जळगाव पट्ट्यात २५-२६ मे, नंदुरबारला २७-२८ मे, शहाद्याला २९ मेच्या आसपास. सूर्य या दिवसांत रोज सुमारे पाचमांश अंशच सरकतो, म्हणून मीटरभर काठीला एक दिवस आधी-नंतरचा फरक तीन-चार मिलिमीटरचाच दिसतो. तारखेवरून वाद घालण्यात अर्थ नाही. वेळ मात्र बाराची नाही, साडेबाराच्या आगेमागे. बरोबर बाराला सावली पाहून ‘काही शून्यबिन्य झाली नाही’ म्हणत लोक घरात जातात. जुलैच्या मध्यात हा दिवस परत येतो, तेव्हा बहुतेक वेळा ढग असतात.

या दोन तारखांच्या मधल्या काळात मध्यान्हाची सावली दक्षिणेला पडते. २१ जूनला ती चार सेंटिमीटर दक्षिणेकडे असते. उत्तरेकडच्या खिडकीतून मे-जूनमध्ये ऊन घरात येतं ते त्यामुळेच. घर बांधताना उत्तरेच्या भिंतीला छज्जा नको म्हणणाऱ्यांनी ही खूण पाहून घ्यावी.

एक गैरसमज इथेच मिटतो. मे महिन्यात भुसावळ भाजून निघतं ते सूर्य जवळ आल्यामुळे नव्हे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि आपण तेव्हा शेकोटी करतो. सर्वांत दूर जुलैच्या सुरुवातीला, १५.२ कोटींवर. ताप ठरतो तो ऊन किती सरळ पडतं आणि दिवस किती लांब आहे यावर. आपला मोठ्यात मोठा दिवस १३ तास २४ मिनिटांचा, लहानात लहान १० तास ५० मिनिटांचा.

शंकू न रोवताही कल दिसतो. गच्चीवर एका ठरलेल्या जागी उभं राहून उगवत्या सूर्याच्या खाली कोणतं झाड, टॉवर किंवा टाकी येते ते महिन्यातून दोनदा कागदावर काढा. डिसेंबर ते जून सूर्य पूर्वेच्या दक्षिणेला २५ अंशांपासून उत्तरेला २५ अंशांपर्यंत जातो. मार्चमध्ये तो रोज जवळजवळ स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो, डिसेंबरच्या शेवटी आठवडाभर जागचा हलत नाही.

रात्री : मूठ आणि वीत

हात पूर्ण ताणून एक डोळा मिटला की मूठ म्हणजे १० अंश, करंगळी १ अंश, ताणलेली वीत २० अंश. मुलाचा हात लहान असला तरी डोळ्यापासूनचं अंतरही तितकंच कमी असतं, त्यामुळे माप सगळ्यांना चालतं. खात्री करायची तर क्षितिजापासून डोक्याच्या वरपर्यंत मुठीवर मूठ रचत जा. नऊ भरल्या पाहिजेत. आठच भरल्या तर कोपर वाकतंय.

ध्रुवाची उंची गावाच्या अक्षांशाइतकी असते. म्हणजे खानदेशात ध्रुव क्षितिजाच्या वर एक वीत आणि किंचित. उन्हाळ्यात सप्तर्षीच्या चौकोनातल्या पुलह आणि क्रतू या दोन ताऱ्यांची रेघ पाचपट वाढवली की तो सापडतो. हिवाळ्यात संध्याकाळी सप्तर्षी खाली असतात, तेव्हा शर्मिष्ठा या तारकासमूहाचा इंग्रजी ‘एम’ शोधा. ध्रुव फार तेजस्वी असतो ही समजूत सोडा, तो मध्यम तारा आहे. यावल-रावेरकडे सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी असाल तर मूठ डोंगराच्या कड्यापासून लावू नका, नाहीतर ध्रुव दोन-तीन अंश बुटका निघेल.

गिरकी मोजायला मृगाच्या पोटातला बाण उत्तम, गावाकडे ज्याला तिकांडं म्हणतात ते तीन तारे. ते आकाशाच्या विषुववृत्तावर असल्याने जवळजवळ ठीक पूर्वेला उगवतात आणि ठीक पश्चिमेला मावळतात. तासाला १५ अंश, म्हणजे एक मूठ सरकायला ४० मिनिटं. १५ नोव्हेंबरला हे तिकांडं रात्री साडेआठच्या सुमारास उगवतं. १५ डिसेंबरला साडेसहालाच. पृथ्वी ताऱ्यांच्या संदर्भात २३ तास ५६ मिनिटांत एक फेरा पुरा करते, म्हणून तारा रोज चार मिनिटं लवकर येतो आणि महिन्याला दोन तास.

मग मृग नक्षत्र लागतं तेव्हा, म्हणजे ७-८ जूनला, मृग दिसत का नाही? कारण तेव्हा सूर्यच मृगात असतो. पेरणीची नक्षत्रं म्हणजे सूर्य त्या ताऱ्यांसमोर असण्याचे तेरा-चौदा दिवस, ते तारे उन्हात बुडालेले. पंचांगातलं रोजचं नक्षत्र वेगळं, ते चंद्राचं. कपाशीच्या गप्पांत दोन्ही एकाच शब्दाने येतात आणि घोळ होतो.

चंद्र

चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात असं शिकलेले लोकही छातीठोक सांगतात. ते खोडायला एक लिंबू पुरेल. पौर्णिमेनंतर सात-आठ दिवसांनी सकाळी आठला चंद्र पश्चिमेच्या अर्ध्या आकाशात फिकट दिसतो आणि सूर्य पूर्वेला असतो. उन्हात उभं राहून हात ताणून लिंबू चंद्राशेजारी धरा. लिंबाचा जेवढा आणि ज्या बाजूचा भाग उजळतो, तेवढाच आणि त्याच बाजूचा चंद्र उजळलेला दिसेल. दोन्ही आकाशात समोर असताना पृथ्वीची सावली मध्ये येणार कुठून? लिंबू पिवळंधमक आणि कोरडं घ्या, ओल्या सालीवरची चकाकी कलेची कड लपवते.

याच खेळातून वेळापत्रक बसतं. शुद्ध अष्टमीचा चंद्र दुपारी उगवतो आणि मध्यरात्री मावळतो. पौर्णिमेचा सूर्यास्ताला उगवतो. वद्य अष्टमीचा मध्यरात्री येतो. कुठल्याही चित्रात, सिनेमात रात्री दहाला पूर्वेला बीजेची कोर उगवताना दाखवली असेल तर ती चूक.

चंद्राची स्वतःची चाल पाहण्यासाठी तो एखाद्या ठळक ताऱ्याजवळ असेल अशी रात्र निवडा, रोहिणीजवळ असेल तर उत्तम. नऊला आणि बाराला दोघांतलं अंतर करंगळीने मोजा. दोघेही पश्चिमेकडे सरकलेले असतील, ती गिरकी. पण चंद्र ताऱ्याच्या तुलनेत पूर्वेकडे दीड अंश हटलेला दिसेल, ती त्याची धाव. तासाला स्वतःच्या रुंदीइतकी, दिवसाला सुमारे १३ अंश. म्हणून चंद्रोदय रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा होतो, कधी चाळीस, कधी साठ मिनिटांच्या घरात. संकष्टीला मुंबईची वेळ पाहून ताट वाढू नका, जळगावात तो साधारण दहा मिनिटं आधी येतो. आणि पूर्वेला मुठीएवढी उंच इमारत असेल तर तिच्यामागून यायला पाऊण तास धरावा.

ताऱ्याजवळून निघालेला चंद्र २७.३ दिवसांत त्याच ताऱ्याशी परततो, पण अमावास्येपासून अमावास्येपर्यंत २९.५ दिवस लागतात, कारण तोवर सूर्य पुढे सरकलेला असतो आणि त्याला गाठायला दोन दिवस जास्त पळावं लागतं. असे बारा महिने ३५४ दिवसांचे. वर्षाला अकरा दिवसांची तूट साचते आणि अधिक महिना ती भरून काढतो. आपल्या आखाजीवर, म्हणजे अक्षय्य तृतीयेवर, हे स्पष्ट दिसतं. २०२३ साली ती २२ एप्रिलला होती. त्या वर्षी अधिक श्रावण पडला, म्हणून २०२४ ला ती १० मेवर गेली आणि २०२५ ला पुन्हा मागे, ३० एप्रिलला आली. आखाजीच्या संध्याकाळी झोका सोडून जरा पश्चिमेला पाहा. तिजेची कोर साडेआठ-साडेनऊपर्यंत दिसते.

त्या कोरीची ठेवण टिपून ठेवा, कारण एकच तिथी वर्षभर पाहिली की कला बाद होतात आणि कल परत दिसतो. फाल्गुन-चैत्रातली बीज होडीसारखी आडवी असते, दोन्ही टोकं वर. भाऊबीजेची कोर कललेली, जवळजवळ बाजूवर टेकलेली. वसंतात सूर्य-चंद्राचा मार्ग आपल्या पश्चिम क्षितिजावर जवळपास काटकोनात उभा राहतो, शरदात ४५-५० अंशांनी झुकतो. उजेड खालून येतो की बाजूने, एवढाच फरक.

पौर्णिमेचंही तसंच. वटपौर्णिमेचा चंद्र मध्यरात्रीही दक्षिणेला बुटका राहतो, दत्तजयंतीचा डोक्यावर येतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो, म्हणून उन्हाळ्यातल्या सूर्याची जागा हिवाळ्यातल्या चंद्राला मिळते. त्यात चंद्राच्या कक्षेचा आणखी पाच अंशांचा तिरपेपणा १८.६ वर्षांच्या फेऱ्याने कधी जमा होतो, कधी वजा. २०२४-२५ हा जमेचा काळ होता, तेव्हा थंडीतला पूर्णचंद्र जळगावात डोक्यावरून थोडा उत्तरेला जात होता.

हाच पाच अंशांचा तिरपेपणा दर अमावास्या-पौर्णिमेला ग्रहण होऊ देत नाही. चंद्र बहुतेक वेळा सूर्याच्या किंवा सावलीच्या वरून-खालून निसटतो. २ ऑगस्ट २०२७ चं सूर्यग्रहण उत्तर आफ्रिकेत खग्रास आणि आपल्याकडे संध्याकाळी खंडग्रास आहे. ढगांनी जागा दिली तर एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच असलं काही डोळ्याला लावू नका. आरशावर करंगळीएवढं भोक पाडलेला कागद चिकटवा आणि कवडसा दहा-पंधरा फुटांवरच्या अंधाऱ्या भिंतीवर पाडा, चावलेला सूर्य दहा जणांना एकदम दिसेल. चंद्रग्रहणाला यातलं काहीच लागत नाही. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री साडेदहाच्या आधी खग्रास अवस्थेचा मध्य आहे आणि चंद्र तेव्हा खूप उंचावर असेल, तेव्हा मान दुखू नये म्हणून गच्चीवर गोधडी टाकून ठेवावी.